मध्यरात्रीचे नागपूर आणि डाकोटा

१ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाने देशांतर्गत हवाई वाहतुकीचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्याच्या ताफ्यात ९९ विमाने होती आणि त्यांपैकी ७४, म्हणजे दर चारांतील जवळजवळ तीन, एकाच जातीची होती. डग्लस डीसी-३ हे त्या जातीचे कारखान्यातले नाव. भारतात मात्र ती डाकोटा याच नावाने ओळखली गेली. हे विमान वेगवान नव्हते, त्याचा पल्ला मर्यादित होता आणि ढगांच्या वर जाऊन उडण्याची सोय त्यात नव्हती. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारताची शहरे हवाई मार्गाने जोडण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडूनच झाले. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अध्याय नागपुरात घडला. या विमानाच्या ज्या मर्यादा पुढे त्याच्या निवृत्तीला कारण झाल्या, त्याच मर्यादांनी काही काळ नागपूरला देशाच्या टपालाचे केंद्र बनवले, आणि त्या मर्यादा ओलांडणारी विमाने आली तेव्हा ते केंद्रही उरले नाही. यंत्र आणि भूगोल यांचा हा संबंध समजून घ्यायचा, तर आधी ते यंत्र पाहिले पाहिजे.

डीसी-३ चे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे झाले. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला रात्रीच्या लांब प्रवासात उतारूंना झोपता येईल असे विमान हवे होते, आणि त्यासाठी डग्लस कारखान्याने आपल्या आधीच्या डीसी-२ या विमानाचे धड रुंद करून हा नमुना तयार केला. शय्यांच्या जागी खुर्च्या बसवल्यावर त्यात २१ उतारू मावत, पुढे ही संख्या २८ पर्यंत गेली. आणि एवढे उतारू घेऊन उडणारे विमान टपालाच्या सरकारी मोबदल्यावर विसंबून न राहता निव्वळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालवता येते, हे हवाई कंपन्यांना प्रथमच दिसून आले. सुमारे २९ मीटर रुंदीचे पंख, धातूच्या पत्र्याचे संपूर्ण अंग, उड्डाणानंतर वर ओढून घेता येणारी चाके आणि दोन्ही पंखांवर एकेक इंजिन, अशी त्याची रचना होती. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या या इंजिनात १४ सिलिंडर एका आसाभोवती दोन वर्तुळांत मांडलेले असत, ते समोरून येणाऱ्या हवेनेच थंड होत, आणि प्रत्येक इंजिन सुमारे १,२०० अश्वशक्ती देई.

ही शक्ती प्रॉपेलरला, म्हणजे इंजिनाच्या आसावर फिरणाऱ्या पंख्याला मिळते. प्रॉपेलरचे पाते हे एका अर्थी लहानसा पंखच असतो. विमानाचा पंख हवेतून जाताना विमानाला वर उचलतो, तर हे पाते फिरताना विमानाला पुढे ओढते. उड्डाणाच्या वेळी आणि उंचीवरील स्थिर प्रवासात पात्यांचा हवेशी असणारा कोन वेगवेगळा असावा लागतो, म्हणून डाकोटाच्या पात्यांचा कोन उडत असतानाही बदलता येईल अशी योजना होती. एखादे इंजिन बंद पडलेच, तर त्याची पाती वाऱ्याच्या रोखाने धारेवर वळवता येत. तसे केले नाही, तर बंद पडलेला पंखा हवेला आडवा येऊन विमानाला मागे खेचतो आणि उरलेल्या इंजिनाचे बळ त्यातच खर्ची पडते. विमानाची मुख्य चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असल्याने जमिनीवर उभे असताना त्याचे नाक वर उचललेले दिसे आणि उतारूंना आतल्या वाटेने चढ चढून आपल्या जागेपर्यंत जावे लागे. कच्च्या, खडबडीत मैदानावर उतरण्यास हीच रचना सोयीची होती.

दुसऱ्या महायुद्धात या विमानाची लष्करी आवृत्ती प्रचंड प्रमाणात तयार झाली आणि एकट्या अमेरिकेत सर्व प्रकार मिळून दहा हजारांहून अधिक विमाने कारखान्याबाहेर पडली. ब्रिटिश वायुदलाने त्यांना डाकोटा हे नाव दिले. आसामातील धावपट्ट्यांवरून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद पोहोचवण्याच्या मोहिमेमुळे भारतात या जातीची विमाने मोठ्या संख्येने आली होती, आणि युद्ध संपल्यावर त्यांपैकी बरीच शिल्लक माल म्हणून येथेच विक्रीला निघाली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात लष्करी विमानांची डागडुजी करून, त्यांत खुर्च्या बसवून ती नागरी वापरासाठी सज्ज केली जाऊ लागली. विमान हाताशी होते, त्याचे सुटे भाग मिळत होते आणि ते चालवणारे वैमानिक व दुरुस्त करणारे तंत्रज्ञ युद्धानेच घडवले होते. त्यामुळे १९४६ नंतरच्या अवघ्या दोन-तीन वर्षांत देशात अनेक हवाई कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांतील बहुतेकींच्या ताफ्याचा कणा डाकोटा हाच होता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवण्याची वेळ आली, तेव्हा वायुदलाच्या विमानांबरोबर या नागरी कंपन्यांची डाकोटा विमानेही दिल्लीहून धावून गेली होती.

कंपन्या मात्र गरजेपेक्षा अधिक झाल्या होत्या. मोजके मार्ग, मोजके उतारू आणि त्यांच्यासाठी स्पर्धा करणाऱ्या बऱ्याच कंपन्या, अशा स्थितीत विमाने दिवसातून थोडे तास उडत आणि उरलेला वेळ जमिनीवर उभी राहत. हवाई वाहतुकीच्या अर्थकारणात याहून महाग काही नसते, कारण विमान उडो वा न उडो, त्याच्या किमतीचा, विम्याचा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार चालूच राहतो. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी याच सुमारास रात्रीच्या टपालसेवेची योजना पुढे आणली. दिवसा उतारू नेणाऱ्या विमानांना रात्री काम मिळावे आणि टपाल एका रात्रीत देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे, असे दोन हेतू त्यातून साधणार होते. जे. आर. डी. टाटा यांनी या योजनेला आक्षेप घेतला. रात्रीच्या उड्डाणांना आवश्यक असलेली जमिनीवरील साधने अजून पुरेशी नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप गंभीर होता, तरी सरकार मागे हटले नाही आणि जानेवारी १९४९ मध्ये सेवा सुरू झाली. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रांसाठी वेगळा हवाई अधिभार घेणे बंद करण्यात आले, म्हणजे साध्या दराचे तिकीट लावलेले पत्रही, विमानाने ते लवकर पोहोचणार असेल तर, विमानानेच जाऊ लागले. मध्यंतरी काही महिने खंड पडल्यानंतर ऑक्टोबर १९४९ मध्ये हिमालयन एव्हिएशन या कंपनीने रात्रीची सेवा पुन्हा चालू केली आणि ती स्थिरावली.

या सेवेची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातील कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानात आणि दिल्लीच्या दिल्लीच्या विमानात चढत. तीच क्रिया उरलेल्या तीन विमानांबाबत होई, आणि मग प्रत्येक विमान आपापल्या शहरी परतून पहाटे तेथे उतरे. संध्याकाळी मुंबईत पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या हाती जाऊ शके. हेच अंतर कापायला मेल गाडीला दीड ते दोन दिवस लागत, हे लक्षात घेतले म्हणजे व्यापारी पेढ्या, बँका, वृत्तपत्रे आणि दूरगावी नोकरीला गेलेल्या माणसांची घरे यांच्या दृष्टीने हा बदल केवढा होता, याची कल्पना येते.

चार शहरांमध्ये परस्पर संबंध जोडायचे, तर त्यांच्या सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीसाठी थेट सेवा ठेवायची, तर सहा मार्ग आणि दर रात्री दोन्ही टोकांकडून मिळून बारा उड्डाणे लागतात. सर्वांना एका मध्यबिंदूशी जोडले, की चार मार्ग आणि चार विमाने पुरतात. शहरे दहा झाली, तर थेट मार्ग ४५ होतात आणि मध्यबिंदूचे मार्ग दहाच राहतात, म्हणजे शहरे जितकी वाढतील तितका हा लाभ वाढत जातो. बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या लाकडी तुंब्यात सारे आरे येऊन बसतात आणि त्या तुंब्यामुळेच चाक एकसंध फिरते, तसे स्थान या व्यवस्थेत नागपूरचे होते. हवाई वाहतुकीच्या शास्त्रात पुढे याच रचनेला चाकाच्या तुंब्या-आऱ्यांची उपमा देऊन स्वतंत्र नाव मिळाले. अमेरिकेतील फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने मेम्फिस शहराला असेच रात्रीचे केंद्र करून आपली पार्सल-सेवा सुरू केली ती एप्रिल १९७३ मध्ये. नागपुरात हा प्रयोग त्याआधी चोवीस वर्षे टपाल खात्याच्या थैल्यांवर होऊन चुकला होता.

नागपूरच का, याचे उत्तर नकाशात आहे आणि तितकेच डाकोटाच्या इंजिनात आहे. नागपूरपासून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली साडेआठशेच्या आसपास, मद्रास नऊशेच्या आणि कलकत्ता साडेनऊशेच्या आसपास आहे. म्हणजे चारही आऱ्यांची लांबी फारशी वेगळी नाही. डाकोटा ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाई, तेव्हा ही अंतरे अडीच ते साडेतीन-पावणेचार तासांची होत. रात्री टपाल कार्यालयांचे काम आटोपल्यावर निघालेले विमान मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला पोहोचावे आणि तास-दीड तासात परत फिरून सकाळच्या पत्रवाटपाआधी घरी यावे, हे गणित या वेगाला नेमके बसत होते. मुंबई ते कलकत्ता किंवा दिल्ली ते मद्रास हे थेट अंतर मात्र सोळाशे-सतराशे किलोमीटरांच्या घरात जाते. एवढा प्रवास एका दमात करायचा तर डाकोटाला इंधनासाठी माल आणि उतारू कमी करावे लागत, म्हणून वाटेत कुठे तरी उतरणे फायद्याचे होते. आणि उतरायचेच असेल, तर सर्वांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी उतरावे, यात योजनेचे सारे मर्म होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, सोनेगावला आखलेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने वापरलेले विमानतळ तेथे आयते होते.

रात्रीचे उड्डाण हे दिवसाच्या उड्डाणापेक्षा काही बाबतींत सोपे आणि काही बाबतींत फार अवघड असते. उन्हाळ्यात विदर्भाची जमीन दिवसभर तापते, तापलेली हवा वर उसळते आणि तिच्या धक्क्यांनी विमान हिंदकळत राहते. शिवाय गरम हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. रात्री हवा निवलेली असल्याने हे दोन्ही त्रास कमी होतात. परंतु रात्री वैमानिकाला नदी, रेल्वेचा रूळ, डोंगर या ओळखीच्या खुणा दिसत नाहीत, आणि त्याला होकायंत्र, घड्याळ व रेडिओ यांवरच विसंबावे लागते. विमानतळावरील रेडिओ-दीप, म्हणजे एका ठरावीक लहरीवर सतत संदेश पाठवणारे केंद्र, आपल्या दिशेकडे विमानातील काटा वळवते आणि त्या काट्याच्या आधाराने वैमानिक अंधारातून वाट काढतो. पावसाळ्यात मध्य भारतावर उभे राहणारे गडगडाटी ढग त्या लहरींत व्यत्यय आणतात. डाकोटाच्या आतील हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखण्याची सोय नसल्याने, विरळ हवेत उतारूंना त्रास होऊ न देता, ढगांवरून जाण्याइतकी उंची गाठणे त्याला शक्य नव्हते. ढग टाळून वळसा घालणे किंवा त्यांतून जाणे एवढेच मार्ग उरत.

टाटांचा आक्षेप निराधार नव्हता, हे काही दुःखद प्रसंगांनी दाखवून दिले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासला जाण्यासाठी नागपूरहून उडालेले डाकोटा इंजिनाची शक्ती गेल्याने काही क्षणांतच कोसळले आणि वैमानिक वगळता विमानातील सर्व तेरा जण मृत्युमुखी पडले. कामगार चळवळीतील नेते व लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. दोन इंजिनांच्या विमानाचा सर्वांत नाजूक काळ जमीन सोडल्यानंतरचा पहिला मिनिट-दीड मिनिट असतो, कारण तेव्हा वेग आणि उंची ही दोन्ही भांडवले हाताशी नसतात आणि एक इंजिन गेले, तर उरलेल्या एकाला पूर्ण भार पेलावा लागतो. देशाला सकाळी वेळेवर मिळणाऱ्या पत्रांमागे रात्र जागवणारी आणि हा धोका पत्करणारी माणसे होती, याचे स्मरण या इतिहासात राहिले पाहिजे.

दरम्यान हवाई कंपन्यांच्या आर्थिक दुरवस्थेची चौकशी करण्यासाठी सरकारने १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. व्यवसायाच्या मानाने कंपन्या फार झाल्या असून त्यांचे एकत्रीकरण व्हावे, परंतु राष्ट्रीयीकरण तूर्त करू नये, असा समितीचा कल होता. स्वेच्छेने एकत्रीकरण झाले नाही आणि अखेर १९५३ मध्ये संसदेने कायदा करून देशांतर्गत कंपन्या एका महामंडळात विलीन केल्या. डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाची देशांतर्गत सेवा यांच्या विमानांतून नवा ताफा बनला. ७४ डाकोटांखेरीज त्यात १२ व्हायकिंग, तीन स्कायमास्टर आणि काही लहान विमाने होती. निरनिराळ्या कंपन्यांचा वारसा एकत्र करताना एक गोष्ट महामंडळाच्या पथ्यावर पडली, ती अशी की बहुसंख्य विमाने एकाच जातीची असल्याने एकच सुट्या भागांचा साठा, एकच प्रशिक्षण आणि एकच दुरुस्तीपद्धत त्यांना लागू करता आली.

महामंडळाने पुढे रात्रीच्या सेवेवर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आणली आणि नंतर व्हायकाउंट आले. ब्रिटिश बनावटीचे व्हायकाउंट १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात होते आणि त्याच्याबरोबर प्रॉपेलरच्या इतिहासातील नवे पर्व भारतात सुरू झाले. डाकोटाच्या इंजिनात सिलिंडरमधील दट्ट्या खालीवर होऊन आस फिरवी. व्हायकाउंटमध्ये जेट इंजिनाप्रमाणे तप्त वायूचा झोत चक्रावर सोडला जाई आणि ते चक्र दंतचक्रांमार्फत पंखा फिरवी. या प्रकाराला टर्बोप्रॉप म्हणतात. त्यात ये-जा करणारे भाग नसल्याने थरथर आणि आवाज कमी होतो, वजनाच्या मानाने शक्ती अधिक मिळते आणि इंजिन दीर्घकाळ बिनबोभाट चालते. आतील हवेचा दाबही राखलेला असल्याने व्हायकाउंट बरेच उंचावरून आणि डाकोटाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाई. १९६१ पासून फोकर फ्रेंडशिप आले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कानपूरमध्ये जुळणी केलेल्या ॲव्हरो ७४८ या विमानाने पहिले उड्डाण केले. वायुदलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्या विमानाला सुब्रतो हे नाव देण्यात आले होते. पुढे या भारतीय बनावटीच्या विमानांनी लहान शहरांच्या मार्गांवर डाकोटाची जागा घेतली.

१९६४ मध्ये कॅराव्हेल आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी बोईंग ७३७ ही जेट विमाने ताफ्यात आली, तेव्हा मुंबई-कलकत्ता किंवा दिल्ली-मद्रास हा प्रवास दोन-अडीच तासांचा झाला. दिवसाच्या थेट उड्डाणांतच टपाल वेळेवर पोहोचू लागल्यावर चार विमानांनी मध्यरात्री नागपूरला भेटण्याचे प्रयोजन संपले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीची सेवा बंद झाली. नागपूरचे स्थान नकाशावर होते तेथेच राहिले. बदलला होता तो विमानाचा पल्ला. चाकाला तुंबा लागतो तो आऱ्यांसाठी, आणि आरेच उरले नाहीत, तेव्हा तुंबाही सुटला.

या आऱ्यांखालच्या गावांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. नागपूर-कलकत्ता मार्गाची सरळ रेषा त्या काळच्या अखंड दुर्ग जिल्ह्यावरून जाते. सेवा सुरू झाली तेव्हा हा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर वेगळ्या राज्यात गेले, तरी विमानाचा मार्ग तोच राहिला. दुर्गजवळ भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या वर्षांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कामगार आणि अभियंत्यांच्या डोक्यावरून ही विमाने रात्री जात होती. या भागातील लहान शहरांना हवाई सेवेचा थेट लाभ मिळण्यास मात्र पुढची अनेक दशके जावी लागली.

हा लाभ जेटने नव्हे, पुन्हा पंख्याच्या विमानाने दिला. इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून १९९६ मध्ये स्थापन झालेल्या अलायन्स एअरची सत्तर आसनांची एटीआर ७२ विमाने २०२० मध्ये जगदलपूरला आणि १ मार्च २०२१ पासून बिलासपूरला उतरू लागली. लहान धावपट्टी, थोडे उतारू आणि दोन-तीनशे किलोमीटरांचे टप्पे असतील, तेथे टर्बोप्रॉप जेटपेक्षा कमी इंधनात काम करते, म्हणून अशा मार्गांवर त्याला पर्याय सापडलेला नाही. जेटने मोठी शहरे एकमेकांच्या जवळ आणली आणि मधली गावे ओलांडली. पंख्याच्या विमानाला मात्र आपल्या मर्यादेमुळेच मध्ये उतरावे लागते, आणि ते जेथे उतरते ते गाव जगाशी जोडले जाते. नागपूरच्या मध्यरात्री डाकोटाने हेच सिद्ध केले होते, आणि जगदलपूरच्या धावपट्टीवर उतरणारे त्याचे वारस तेच काम दिवसाउजेडी करीत आहेत.